आधी येईल तो आधी बसेल

वाचकहो, हॉटेलात जाऊन खाणे हा विषय आपल्या घरांत अजूनही थोडा संकोचाचा आहे. पैशाचा प्रश्न असतोच, पण त्याहून जुना प्रश्न बसण्याचा आहे. कुठे बसायचे, कोणाच्या शेजारी बसायचे, कप कोणता मिळणार, या प्रश्नांची उत्तरे आपल्या आजोबांच्या पिढीने पोटात भूक घेऊन शोधली आहेत. म्हणून या वेळी आम्ही अशा एका खाण्याच्या जागेविषयी लिहिणार आहोत, जिथे टेबल आधी सांगून राखता येत नाही. ओळख चालत नाही, चिठ्ठी चालत नाही. जो आधी येईल तो आधी बसेल. ही जागा दूरची आहे, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातली. तिकडे तिला ऑयस्टर बार म्हणतात.

बार हा शब्द वाचून आमच्या भगिनींनी दचकू नये. बार म्हणजे मुळात लांबलचक ओटा. ज्याला घ्यायची त्याला तिथे बिअरही मिळते, पण लोक जातात ते ऑयस्टर खायला. ऑयस्टर म्हणजे कोकणातले कालव. विदर्भ-मराठवाड्यातल्या आमच्या वाचकांना ‘कालवे’ म्हटले की पाटबंधारे खाते आठवेल! म्हणून आम्ही आपले कोकणच्या बोलीप्रमाणे ‘कालवं’ असेच लिहितो. समुद्राच्या खडकाला दगडासारखा घट्ट चिकटलेला, दोन शिंपांत राहणारा हा जीव. ओहोटी लागली की कोकणातल्या बाया लोखंडी हत्यार आणि टोपली घेऊन खडकावर जातात, ठोकून ठोकून कालवं फोडतात आणि आतला मऊ गर गोळा करतात. कांदा, खोबरे, आमसूल घालून त्याचे कालवण होते. आमच्या पत्नीचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे हे ज्ञान आमच्या घरात हुंड्याशिवाय आलेले आहे.

आमचा भाचा नोकरीनिमित्त ह्यूस्टनला असतो. मागच्या हिवाळ्यात त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतले आणि शनिवार-रविवार साधून मोटारीने न्यू ऑर्लिन्सला नेले. सहा तासांचा रस्ता. मिसिसिपी ही अमेरिकेची मोठी नदी समुद्राला मिळण्याच्या अलीकडे, शंभरेक मैलांवर हे शहर वसले आहे. १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवले, मधली काही दशके ते स्पेनकडे होते, १८०३ मध्ये अमेरिकेने विकत घेतले. आज जगभरचे प्रवासी येथे गाणेबजावणे ऐकायला आणि खायला येतात. जाझ संगीतातला थोर कलावंत लुई आर्मस्ट्राँग १९०१ मध्ये याच शहरात जन्मला. याच शहरात एके काळी अमेरिकेतला गुलामांचा सर्वांत मोठा बाजार भरत होता, हेही पर्यटकाने विसरू नये. नक्षीदार लोखंडी सज्जे पाहताना आम्ही ते विसरलो नाही.

या शहरात कालवांच्या खाणावळी जुन्या आहेत. ‘अ‍ॅक्मी ऑयस्टर हाऊस’चा धंदा १९१० पासूनचा. ‘कॅसामेंटोज’ १९१९ पासूनची. आतून सगळी फरशांनी मढवलेली आणि उन्हाळ्यात चक्क बंद राहणारी. आम्ही गेलो ती जागा याच जातीची होती. दाराबाहेर फुटपाथवर रांग. रांगेत आमच्या पुढे कॉलेजची पोरे, मागे रस्त्याच्या कामाचे चमकते जाकीट घातलेला एक कामगार. इतक्यात टॅक्सीतून एक झकपक कुटुंब उतरले. त्यातले गृहस्थ सरळ दाराशी गेले आणि काहीतरी बोलले. दारातल्या मुलीने गोड हसून रांगेच्या शेपटाकडे बोट दाखवले. गृहस्थ मुकाट मागे गेले! आम्ही सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांतल्या रांगा जन्मभर पाहिल्या आहेत. रांग मोडण्यासाठी कोणकोणत्या साहेबांची नावे घेतली जातात हेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ते बोट पाहून आम्हाला बरे वाटले.

अर्ध्या तासाने आत गेलो. टेबले होती, पण भाच्याने ओट्याजवळची तीन स्टुले पकडली. “मामा, खरी मजा इथंच,” तो म्हणाला. ओट्याच्या पलीकडे साठीच्या घरातला एक काळा गृहस्थ उभा. हातात जाड मोजा, समोर बर्फावर कालवांचा ढीग. गोणपाटातून कालवं यायची ती धुऊन त्याच्यापुढे पडायची. तो एक कालव उचलायचा, दोन शिंपा जिथे जुळतात त्या बिजागरीत आखूड, बोथट टोकाची सुरी खुपसायचा, मनगटाला एक पीळ द्यायचा, टक्कन आवाज व्हायचा. मग सुरी सपाट फिरवून मांसाला शिंपेशी बांधणारा स्नायू कापायचा, वरची शिंप फेकायचा आणि खालची शिंप आतल्या पाण्यासकट आमच्यापुढे ठेवायचा. एका कालवाला मोजून काही सेकंद. आमच्या पत्नी टक लावून पाहत होत्या. “आमच्याकडं आधी ठोकतात, मग उघडतात. ह्यानं शिंप फोडली नाही, उघडली,” त्या म्हणाल्या. हा शेरा एका कारागिराने दुसऱ्याला दिलेला होता.

चटणी ज्याची त्याने कालवायची. वाटीत टोमॅटो केचप, लिंबू, टबॅस्को नावाचे तिखट आणि हॉर्सरॅडिश नावाच्या कंदाचा कीस. हा कीस मोहरीसारखा थेट नाकात चढतो. टबॅस्को याच लुइझियाना राज्यात १८६८ पासून होते. सोबत खारी बिस्किटे. लोक कच्चे कालव शिंपेतूनच तोंडात सोडतात. भाच्याने डझन मागवली. डझनाला वीस डॉलरच्या वर भाव. रुपयांत गुणाकार करायचा नाही, अशी भाच्याची ताकीद होती, पण कारकुनाचे डोके ऐकते थोडेच!

आम्ही मात्र कच्चे खाल्ले नाही आणि त्याचे कारण वाचकांनी नीट वाचावे. भिंतीवर पाटी होती. ज्यांना यकृताचा जुना आजार आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी कच्ची कालवं खाऊ नयेत, असा तिचा आशय. कोमट समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जंतू वाढतात आणि ते कालवात उतरतात. धडधाकट माणसाला बहुधा पोट बिघडण्यावर भागते, पण यकृताच्या रोग्याला, मधुमेह्याला ते रक्तात शिरून जिवावर बेतू शकतात. लिंबू पिळल्याने, तिखट घातल्याने किंवा दारूचा घोट घेतल्याने हे जंतू मरत नाहीत. चांगले शिजवल्यानेच मरतात. गरोदर बायकांनीही कच्चे टाळावे. आम्हाला साखरेचा त्रास आहे, म्हणून आम्ही निखाऱ्यावर भाजलेली मागवली. शिंपेतच लोणी, लसूण आणि चीज घालून चरचरीत भाजतात. लसणीचा वास घरचा, लोणी परके, चव झकास! पत्नींनी तीन कच्ची खाल्ली आणि निकाल दिला, “समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं लागतं. पण आमसूल पाहिजे होतं.”

इंग्रजी महिन्याच्या नावात ‘आर’ हे अक्षर असेल तेव्हाच कालवं खावीत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, असा तिकडचा जुना दंडक आहे. उन्हाळ्यात कालवं अंडी सोडतात, पातळ होतात आणि जंतूही त्याच काळात वाढतात. बर्फ आणि शीतकपाटे आल्यावर दंडक सैल झाला. त्यामागचे शहाणपण मात्र खरे आहे.

आता हे कालव ओट्यावर येते कुठून? शहराच्या खाली, जिथे नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी मिसळते, तिथल्या उथळ खाड्यांतून. पाणी फार गोडे झाले तरी कालव मरते, फार खारे झाले तरी त्याला शत्रू वाढतात. एक मोठे कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. दुसऱ्यांचे घाण पाणी गाळून साफ करणारा हा जीव! या खाड्यांत कालवं काढणारे लोक दोन प्रकारचे. एक, युरोपातल्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकापासून आलेली कुटुंबे. दुसरे, प्लाकमिन्स परगण्यातल्या पॉइंट-आ-ला-हाश या गावाकडचे काळे मच्छीमार, जे पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर पोट भरत आले. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने त्यांची घरे आणि होड्या नेल्या. २०१० च्या एप्रिलमध्ये समुद्रातली तेलविहीर फुटली. त्यात ११ कामगार मेले आणि कालवांच्या खाड्या बंद कराव्या लागल्या. १८७६ पासून चाललेल्या शहरातल्या ‘पी अँड जे’ या कालवांच्या पेढीलाही त्या जूनमध्ये कालवं सोलण्याचे काम थांबवावे लागले. २०१९ मध्ये पुराचे पाणी वळवण्यासाठी दरवाजे उघडले तेव्हा गोड्या पाण्याने पुन्हा कालवं मेली. पर्यटक डझन खाऊन निघून जातो. डझनामागे असे लोक उभे असतात.

मात्र आम्हाला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते त्या स्टुलाविषयी.

अमेरिकेत कालवांच्या धंद्याशी काळ्या माणसाचे नाते जुने आहे. थॉमस डाउनिंग नावाचा काळा माणूस १७९१ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर जन्मला. आईबाप गुलामीतून मुक्त झालेले. तो न्यूयॉर्कला गेला आणि १८२५ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर त्याने कालवांची खाणावळ काढली. शहरातले सावकार, व्यापारी, पुढारी तिथे जेवायला येत. वर मेजवानी चाले आणि खाली तळघरात डाउनिंग पळून आलेल्या गुलामांना लपवीत असे. १८६६ मध्ये तो वारला तेव्हा न्यूयॉर्कच्या व्यापारी मंडळाने त्याच्या मानार्थ आपले कामकाज बंद ठेवले. एवढा मान! पण त्याच्यासारखा मालक विरळा. बाकीच्यांच्या वाट्याला सुरी आली, स्टूल आले नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या खाणावळीत काळा माणूस रांधू शकत होता, वाढू शकत होता, भांडी घासू शकत होता. बसून खाऊ शकत नव्हता.

न्यू ऑर्लिन्समध्येही हेच. तिथल्या कॅनॉल स्ट्रीट या मुख्य पेठेत मोठमोठी दुकाने होती. दुकानात काळ्यांचा पैसा चाले, पण खाण्याच्या काउंटरवर त्यांना बसू देत नसत. १९६० च्या सप्टेंबरात तरुणांनी तिथे जाऊन नुसते बसण्याचा सत्याग्रह केला. १७ सप्टेंबरला मॅक्रोरीच्या दुकानात रूडी लोंबार्ड, ओरीथा कॅसल, सेसिल कार्टर हे तीन काळे आणि गोल्डफिंच हा एक गोरा विद्यार्थी काउंटरवर बसले. त्यांचा गुन्हा एवढाच! ६० दिवसांची कैद आणि ३५० डॉलर दंड झाला. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि २० मे १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. शहरात अशीही जागा होती की जिथे या मुलांना बसता येत असे. लिआ चेझ बाईंच्या ‘डूकी चेझ’ या खाणावळीत माडीवर काळे-गोरे कार्यकर्ते एकत्र जेवत आणि पुढच्या लढ्याची आखणी करीत. कायद्याने तेही बेकायदा होते. या बाई २०१९ मध्ये शहाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

२ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला आणि खाणावळीत वर्णभेद करायला बंदी आली. लगेच बर्मिंगहॅम शहरातला एक खाणावळवाला कोर्टात गेला. त्याच्या ३६ नोकरांपैकी दोन तृतीयांश काळे होते, आणि काळ्या गिऱ्हाइकांना मात्र अन्न फक्त बाहेर बांधून मिळे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १४ डिसेंबरला एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. आधार कोणता? तुझ्या खाणावळीतले मांस दुसऱ्या राज्यातून येते, म्हणून हा आंतरराज्य व्यापार आहे, आणि व्यापारावर कायदा करण्याचा संसदेला अधिकार आहे. बी.कॉम.च्या पुस्तकात वाणिज्य म्हणजे खतावणी आणि ताळेबंद. येथे त्याच वाणिज्याने माणसाला स्टूल मिळवून दिले!

हे सगळे मनात असल्यामुळे आम्ही भाच्याकरवी त्या कालववाल्या गृहस्थांशी बोललो. कुठून आलात, त्यांनी विचारले. इंडिया, आम्ही म्हणालो. किती वर्षे हे काम करता, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की त्यांचे चुलतेही याच कामात होते. मग सुरीने ओट्याच्या दोन्ही बाजू दाखवीत ते म्हणाले, “चुलत्यांच्या वेळी या बाजूला उभं राहता येत होतं. तुम्ही बसलात त्या बाजूला बसता येत नव्हतं.” आणि पुढचे कालव उघडून त्यांनी आमच्या शेजारच्या स्टुलावरच्या एका काळ्या आजीबाईंपुढे ठेवले. आमच्या पत्नींनी काही न बोलता आमचा हात दाबला. भाषांतराची गरज पडली नाही.

वाचकहो, येथे एक गोष्ट अभिमानाने नोंदवावी. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी यांत जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, हे आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात २६ जानेवारी १९५० पासून लिहिलेले आहे. अमेरिकेच्या कायद्याच्या चौदा वर्षे आधी! बाबासाहेबांनी ‘उपाहारगृह’ हा शब्द घटनेत का येऊ दिला असेल, हे त्या स्टुलावर बसल्यावर कळते. कागदावरचा शब्द आणि गावच्या टपरीवरचा कप यांत अजून अंतर आहे, हेही आम्ही जाणतो.

अंतर तिकडेही आहे. तिकडे गिऱ्हाइकाकडून टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान मजुरी केंद्राच्या कायद्याने तासाला अवघी २ डॉलर १३ सेंट आहे. १९९१ पासून ती एका सेंटनेही वाढलेली नाही, आणि लुइझियाना राज्याला वेगळी किमान मजुरी नाही. टीप धरून तासाला ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत तर उरलेले मालकाने घालायचे, असा नियम आहे. पण तो हिशेब तपासायचा कोणी? स्टुलावर बसण्याचा हक्क मिळाला, ओट्यामागे उभे राहणाऱ्याच्या पगाराचा प्रश्न उरला. आमच्या भाच्याने बिलाच्या पाचव्या हिश्शाएवढी टीप ठेवली. आम्ही गुणाकार केला नाही.

एक गोष्ट मात्र आपण त्या ओट्याकडून शिकावी. आपल्या हॉटेलांत रांधणारा भिंतीमागे असतो, भांडी घासणारी बाई मोरीत असते. तिचा चेहरा जेवणाऱ्याला कधी दिसत नाही. ऑयस्टर बारमध्ये राबणारा हात आणि खाणारे तोंड यांत दोन फुटांचे अंतर असते. माणूस समोर उभा असला की त्याला ‘ए पोऱ्या’ म्हणणे जड जाते. रिकाम्या शिंपांचेही तिकडे मोल आहे. कालवाची पिल्ले जुन्या शिंपांवरच बस्तान बांधतात, म्हणून २०१४ पासून शहरातल्या खाणावळींतल्या शिंपा गोळा करून पुन्हा खाडीत टाकण्याचे काम तिथली एक संस्था करते. ज्या घरात पूर्वज राहिले, त्या घरावर नवी पिढी उभी राहते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या खेपेला सहकुटुंब हॉटेलात गेलात तर टेबल पुसणाऱ्या मुलाला मुलांच्या देखत नाव विचारा आणि त्या नावानेच हाक मारा. टीप ताटलीत न टाकता त्याच्या हातात द्या. आपल्या घरच्या लग्नात आचारी आणि वाढपी शेवटी उरलेसुरले खातात. त्यांची ताटे आधी वाढून झाकून ठेवा. आणि कुठेही रांग दिसली तर ओळख काढू नका, शेवटी उभे राहा. रांगेत उभे राहण्याचा हक्क आपल्या लोकांना फार उशिरा मिळाला आहे. तो आपणच मोडू नये.